लेओनीच्या बाटल्या आणि माझे हात

प्रिय इड्डा हिस, थोरल्या भावाचे झ्युरिकहून अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? वेंडेलिनरावांची कंबर अजून सकाळी धरते का? सासूबाईंना हल्ली कमी ऐकू येतं असं कळवलं होतंस. त्यांना माझा नमस्कार जरा ओरडून सांग. धाकट्याचा खोकला गेला असेलच. इकडे तुझी लेओनी तापातून उठली. माझं मात्र विचारू नकोस. जेवण जातं (परवा बटाट्याची रोस्ती दोनदा वाढून घेतली), पण अंगी लागत नाही.

तुझी लेक काय शिकते हे गावात कोणाला कळलेलं नाही, म्हणून आधी ते सांगतो. चीज करून उरलेलं पाणी आपण डुकरांना घालतो ना, त्यातलं प्रथिन ती आंबट पाण्यात तासन्‌तास तापवते. त्याचे ताठ तंतू होतात, डोळ्यांना न दिसणारे. (डुकरांना हे ठाऊक नव्हतं, बरंच झालं.) तंतू थोडे असले की अंगणात सांडलेल्या गवताच्या काड्यांसारखे वाटेल तसे पडतात. दाटी झाली की आडवंतिडवं पडायला जागाच उरत नाही, मग आपणहून सगळे एका दिशेला तोंड करतात. त्यांचे दोन्ही टोकांना निमुळते असे चिमुकले थेंब होतात आणि सावकाश तळाशी बसतात. वर विस्कळीत थर, खाली शिस्तीचा. दोन काळ्या काचांमध्ये धरलं की खालचा लखलखतो, वरचा अंधारा राहतो. हा बदल नेमका किती दाटीला होतो, त्यावर तिची पदवी. त्यासाठी बाटल्या महिनोन्‌महिने हलवायच्या नाहीत, बस्स.

तर तिला ताप भरला तेव्हा म्हणाली, "मामा, प्रयोगशाळेत जाऊन तेवढा पडदा ओढून याल? बाटल्यांवर ऊन येतं." गेलो. पडदा ओढला. फळीवर पाहतो तर प्रत्येक बाटलीत थर! जन्मभर दारोदार दूध पोचवलेला माणूस मी. थर दिसला की साय वर आली, आणि गिऱ्हाईक भांडायच्या आत बाटली हलवायची. डोक्याला सगळं ठाऊक होतं गं, पण हातांना कोण सांगणार? एकेक बाटली उचलून मायेनं खालीवर केली. (आत रेशमासारखी चमक फिरली, वाटलं, खूश झाल्या.) खालची फळी संपल्यावर डोकं हातांपर्यंत पोचलं. वरच्या फळीला माझा हात पोचत नाही, म्हणून तेवढ्या वाचल्या.

ताप उतरल्यावर लेओनीनं जाऊन पाहिलं, खालची एकेक बाटली काळ्या काचांमध्ये धरली. मग म्हणाली, "शेजारच्या खोलीतल्या यंत्राचा हादरा असेल का हो?"

"असेलच. केवढं घरघरतं ते!" (मी ते कधी ऐकलेलं नाही.)

"मग वरच्या कशा वाचल्या?"

"हादरा वर चढताना दमतो."

ती तडक शेजारी जाऊन भांडली. तिथला रेटो फार गरीब माणूस. संध्याकाळी आलुबुखाऱ्याचा केक घेऊन घरी माफी मागायला आला. "काका, तुम्ही तरी मला चार शिव्या घाला," म्हणाला. मी केकच्या दोन फोडी खाल्ल्या. सरळ घशाखाली उतरल्या, हेच जास्त लागलं.

खालच्या फळीवरचे थर पुन्हा बसेपर्यंत तिची परीक्षा होऊन गेलेली असेल. आता सगळी मदार वरच्या बाटल्यांवर. त्याही गेल्या तर इतक्या वर्षांचं शिक्षण डुकरांनाच घालायचं.

तुझा करंटा भाऊ,
गालुस

ता.क. यातलं तिला काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. मीच सांगेन, पण परीक्षेनंतर.

ता.क. आणखी एक. आत्ताच लेओनी वरच्या फळीवरच्या बाटल्या मांडीवर घेऊन, श्वास रोखून टॅक्सीनं आली आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटात मांडून गेली. म्हणाली, "तिकडे आता कुणाचा भरवसा नाही. मामा, तुमच्याच हातांत सुरक्षित राहतील." मला राखणीला बसवलंय. कपाटाला काचेचं दार आहे आणि प्रत्येक बाटलीत थर स्वच्छ दिसतोय. इड्डा, मला तिकडे बोलावून घे. गाय अडलीय, मामांशिवाय सुटायची नाही, असं काहीही लेओनीला लिही. पण लगेच लिही गं. एक हात खिशात कोंबून ठेवलाय, आणि हे पत्र संपलं की दुसरा मोकळा होणार.