भरला तांब्या

९ फेब्रुवारी २०१६, मंगळवार

दोन दाढा फुकट गेल्या! बीडच्या दातवाल्यानं एक ऑक्टोबरात काढली, एक डिसेंबरात, आणि दोन्ही बिचाऱ्या निर्दोष होत्या. आज औरंगाबादच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं – दुखणं दातात नाही, घशातल्या नसेत आहे. जिभेच्या मुळाशी, डाव्या बाजूला. गिळलं, बोललं, जांभई दिली की तिथून कळ निघते ती थेट कानात. सात-आठ सेकंदच, पण तेवढ्यात माणूस देवाचं नावही घेऊ शकत नाही.

बाईंनी घशात बधिर करणारा फवारा मारला. मग पेला पुढं केला, प्या म्हणाल्या. मी यांच्याकडं पाहिलं. प्यायले – काही नाही! अख्खा पेला गार पाणी, सहा महिन्यांनी. मी तिथंच रडले. अर्ध्या तासात फवारा उतरला आणि कळ परत आली, पण चोर हीच नस, हे ठरलं.

नसेच्या गोळ्या बीडलाच सुरू झाल्या होत्या. आता दिवसाला सहा. दुखणं तसंच, वर भिंत धरून चालायची पाळी. डोक्याचं हाड उघडून करायचं ऑपरेशन असतं म्हणे, पण बाई म्हणाल्या, आधी सुई. कानाखालून लांब सुई घालायची, पडद्यावर बघत नसेपर्यंत न्यायची आणि टोक तापवून नस निजवायची. चिरा नाही, टाके नाहीत, दुसऱ्या दिवशी घरी. घसा त्या बाजूला थोडा बधिर राहील. वर्षा-दोन वर्षांनी दुखणं परतही येईल, मग पुन्हा सुई. उगाच आशा दाखवली नाही, म्हणूनच विश्वास बसला.

तारीख मिळाली १५ मार्च. आमच्या दूध संस्थेची सभा २० ला. म्हणजे सभेत मला बोलता येणार. केसपेपरवर फोन नंबर संस्थेतल्या सिंधुबाईचा दिला, आमच्या घरात रेंज कुठं असते.

१२ फेब्रुवारी

यांनी थर्मास आणला. माठाकडं मला फिरकू देत नाहीत. गार पाणी लागलं की कळ येते, म्हणून कोमट करून, थर्मासात भरून, झाकणात घोट-घोट देतात. दुकानात गिऱ्हाईक उभं असलं तरी आत येऊन देतात. गावात यांना शिवलिंगअप्पा किराणावाले म्हणतात, हिशेबी माणूस म्हणतात. माझ्यासाठी किती करतो हा माणूस, ते कुणाला माहीत नाही.

आज म्हणाले, "घर कसं गप झालंय बघ." मला हसू आलं. हसल्याबरोबर कळ.

१७ फेब्रुवारी

आज नऊ वेळा कळ. वरणही गार करून, गाळून.

२४ फेब्रुवारी

बोलता येत नाही, तर लिहून तरी मोकळी होते.

मन्मथप्पानं अर्ज दिला आहे. हा यांचा पुतण्या. आई गेल्यावर आमच्याच घरात वाढला, माझ्याच हातचं खाऊन. आता त्याचे तीन टँकर आहेत. त्याला संस्थेचा बोअर हवा. सगळ्या शिवारात तेवढ्या एकाच बोअरला पाणी उरलंय. नेकनूरपर्यंत दुसरा नाही. आमच्या महिला दूध संस्थेच्या गायी त्यावर जगतात. बोअर टँकरला गेला की गायी बाजारात, आणि गायी गेल्या की संस्थेला कुलूप. अठरा वर्षं मी तिची अध्यक्ष आहे. बायका घाबरल्यात. कुणाचा दीर टँकरवर ड्रायव्हर, कुणाच्या घरी मन्मथप्पाचं उठणं-बसणं.

सिंधुबाई आली होती. बौद्ध वस्तीतली, आमची सचिव, पहिल्या दिवसापासून माझ्या शेजारी बसणारी. म्हणाली, "अक्का, तुमी उभं राहून चार शब्द बोलला की बास. आमी धा जणी शंभर शब्द बोललो तरी त्याचा उपेग न्हाई." मी पाटीवर लिहिलं – १५ ला सुई, २० ला बोलते. तिनं पाटी पदरानं पुसली. कुणी वाचू नये म्हणून.

७ मार्च, महाशिवरात्र

हे कपिलधारला स्वामींच्या समाधीला जाऊन आले. धबधब्याचा नुसता काळा दगड राहिलाय म्हणाले. परत आले ते नवीच युक्ती घेऊन. गावभर सांगितलं, "तिनं मौन धरलंय. स्वामींच्या नावानं." आता कुणी बोलायला लावत नाही, उलट पाया पडतात! साखराबाईनं तर नातीला आणून पाया पडायला लावलं. खोट्या व्रताचं पुण्य लागतं का पाप, हे शंकरालाच ठाऊक. पण जिवाला आराम आहे हे खरं. यांना सुचतं बरोबर.

१३ मार्च

हे दुपारीच दुकानातून आले. तोंड उतरलेलं. "दवाखान्यातनं निरोप आलाय. मशीन बिघडलंय. एकोणतीसची तारीख दिली."

एकोणतीस. सभा वीसला.

मी पाटीवर लिहिलं – दुसरा दवाखाना? म्हणाले, "अशा सुईला घाई करू नको. जिवापरीस सभा मोठी हाय का?" थर्मास पुढं केला. मी घेतला नाही, मग घेतला.

१४ मार्च

निरोप सिंधुबाईच्या फोनवर आला असणार. मग ती स्वतः का आली नाही सांगायला?

२० मार्च, रविवार

संध्याकाळ आहे. आजच लिहिते. उद्या राग निवला तर काही गोष्टी सुटतील.

आमच्या सभेत हात वर करत नाहीत. सासूसमोर सून हात वर करत नाही, हे मी पहिल्याच वर्षी पाहिलं, आणि तांब्याची रीत काढली. प्रत्येकीनं घरून तांब्या आणायचा, पुढ्यात ठेवायचा. ठराव मान्य असेल तर सुलटा राहू द्यायचा. मान्य नसेल तर उपडा करायचा. बोलायचं नाही, खुणा नाहीत, दुसरीच्या तांब्याला हात नाही. मोजणी सचिवानं करायची. हा नियम माझा. कितीतरी ठराव आम्ही असे पाडले.

निघताना यांनी माझा तांब्या हातात दिला, काठोकाठ भरून. "दुपारची गोळी तिथंच घे, चुकवू नको." किती काळजी! पाणी न सांडता संस्थेपर्यंत नेलं.

तेवीस जणी आल्या. सिंधुबाईनं बोअर टँकरला द्यायचा ठराव वाचला. बोलायला मी उभी राहिले. "बायांनो" एवढंच निघालं आणि कळ आली. अशी कधीच आली नव्हती. गाल धरून खाली बसले. बायकांनी डोळे मिटून हात जोडले – अक्काचं मौन मोडता-मोडता राहिलं म्हणून!

मग तांबे उपडे व्हायला लागले. खण, खण. मला तांब्या उपडा करायचा होता, पण आत पाणी. काठोकाठ. गावात आठ दिवसांनी टँकर येतो, आणि मी पाणी मातीत ओतू? माझ्या हातून नाही झालं. पिऊन टाकावं तर पाणी गार, आणि घसा असा. शेजारणीच्या तांब्यात ओतावं म्हणून पाहिलं, तर डावीकडचीचा उपडा, उजवीकडचीचा उपडा. समोर साखराबाईचा सुलटा दिसला. तिच्याकडं सरकणार तोच दुसरी कळ.

डोळे उघडले तेव्हा सिंधुबाई मोजत होती. "उपडे अकरा. सुलटे बारा. ठराव मंजूर."

बारावा माझा. तिला माझं मन माहीत होतं. पाटी तिनंच पुसली होती! एक क्षण थांबली असती तर. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी हात हलवत राहिले. मन्मथप्पा दारात होता. म्हणाला, "काकूला सतावू नका. मौनात हाय." आणि येऊन माझ्या पाया पडला.

२१ मार्च

ठरावावर सही केली. नियम माझा, मग रडायचं कुणापुढं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

२२ मार्च

सिंधुबाई आली. दार लावून घेतलं. बाहेरून म्हणत होती, "अक्का, माझं ऐका तर." यांनीच तिला परत पाठवलं. बरं केलं. केसानं गळा कापला तिनं. अठरा वर्षं एका सतरंजीवर बसलो. तिच्या लेकीच्या लग्नात मी चार दिवस तिच्या घरी राबले, आमच्या आळीनं नावं ठेवली तरी. काय मिळालं असेल तिला? मला हे कळत नाही आणि झोप येत नाही.

२७ मार्च

नेकनूरच्या बाजारात जानकीबाईची गाय गेली. तुळजाबाईच्या दोन.

३० मार्च, दवाखाना

झालं.

काल सुई झाली. उताणं झोपवलं, मान उजवीकडं वळवली. छातीला तारा – या नसेला डिवचलं की ठोके मंदावतात म्हणे. कानाखाली आधी बारीक टोचलं, मग ती लांब सुई. ती आत सरकताना नुसता दाब कळत होता. बाई पडद्याकडं बघत विचारत होत्या, "मुंग्या कुठं येतात?" घशात, म्हटलं. "कानात?" तिथंही. "मग आपण बरोबर दारात आहोत." आणि ऊब. कुणी घशाच्या आतून शेक द्यावा तशी. बाहेर आले तर कानाखाली एवढीशी पट्टी!

आज सकाळी गार पाणी प्यायले. डावीकडं जरा परकं वाटतं, पण कळ नाही. दुसरा पेला मागितला. मग तिसरा. नर्सबाई हसायला लागल्या. मीही, मोठ्यानं.

हे चहा आणायला गेले होते. सहज म्हटलं, मशीन बिघडलं नसतं तर पंधरा दिवस आधीच सुटले असते. नर्सबाई म्हणाल्या, "मशीन? ते तर चालूच होतं. तारीख तुमच्याकडून फोन करून बदलून घेतली. व्रत आहे, वीस तारखेनंतर द्या म्हणून."

नंबर सिंधुबाईचा. निरोप तिच्याकडूनच येणार-जाणार. म्हणजे ठरवून! आधी माझा आवाज अडवला, मग माझा तांब्या मोजला. हे चहा घेऊन आले, तेव्हा त्यांना काही बोलले नाही. घरी गेल्यावर आधी तिचं दार.

२ एप्रिल

गेले तिच्या दारात. अख्खी वस्ती ऐकेल असं बोलले. इतक्या महिन्यांचं साठलेलं. सिंधुबाई शेण-सारवणाच्या हातानं उभी राहून ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "आवाज लई चांगला झाला, अक्का. आता माझं ऐकता का?"

मग सांगितलं. तेरा तारखेला तिच्या फोनवर दवाखान्यातून विचारणा आली – तारीख बदललीय ना, पक्कं? ती धावत दुकानात गेली. "अप्पा म्हणले, मला म्हाईत हाय, मीच फोन केलता. तिला सांगू नको, मौनात हाय, जिवाला लावून घेईल. मला वाटलं नवरा-बायकोचा ईचार असंल. आन् व्रताच्या माणसाला कावून छेडावं? आमी तुमचा देव न्हाई मानत, पर तुमचं व्रत आमच्यामुळं कावून मोडावं?"

"आणि माझा तांब्या?"

"पाणी दिसलं मला. पर नियमात पाणी कुठं हाय? तुमचा म्हणून एक तांब्या सोडला असता, तर उद्या कुणाचाबी सोडावा लागला असता. तुमीच शिकवलं न्हवं?"

आत जाऊन कागद आणला. ठराव पुन्हा मतास घालायचा तर विशेष सभा बोलवायला सात सह्या लागतात. तिच्याकडं नऊ होत्या. पहिली बावीस तारखेची – मी दार लावून घेतलं त्या दिवसाची. दहावी सही मी केली. सभा उद्या, दहा वाजता.

घरी आले. हे ओट्यावर बसले होते. म्हणाले, "ऊन लागलं का?" मी हो म्हटलं. तेवढंच.

३ एप्रिल

दुखणं लागल्यापासून त्यांनी माझ्या हातात गार पाणी दिलं नव्हतं. थर्मास, झाकण, कोमट. फक्त वीस तारखेला तांब्या. माठाचा, गार, काठोकाठ. मला ते पिता येणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि मी पाणी कधी ओतणार नाही, हेही. एकतीस वर्षं बघतायत. आणि टँकर त्यांच्याच पुतण्याचे.

आज निघताना पुन्हा भरून दिला. मी त्यांच्याकडं बघत तो उंबऱ्यात ओतला. सगळा.

"अगं, पाणी!" म्हणाले.

रिकामा तांब्या घेऊन सभेला गेले.