अभिमनने मानसशास्त्र घ्यावं का

रांची, १२ जानेवारी १९४१

तीर्थस्वरूप नानांस,
रुपचंदचा नरडाण्याच्या दिशेने वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. आईला सांगा, वेड्यांच्या इस्पितळातले रोगी मारत नाहीत. माझ्या ताटातली पोळी तेवढी पळवतात. "येडासमा राहीसन तू बी येडा व्हशी," म्हणते ना ती? अजून तरी शाबूत आहे.

धाकट्या अभिमनलाही माझ्यासारखंच मानसशास्त्र शिकायचंय, पुढे नोकरी मिळेल का, असं तुम्ही विचारलंत. मास्तरकी मिळते, नाहीतर हे इस्पितळ. इथे मुख्य काम एकच. माणसाजवळ बसायचं आणि त्याचं बोलणं तोडायचं नाही. वाटतं तेवढं सोपं नाही ते.

त्याची परीक्षा तुम्ही घरीच घ्या. तान्हा दगडू गेल्यापासून वहिनी गप्प आहेत. रिकामा पाळणा अजून पुसतात का? अभिमनने रोज संध्याकाळी ओट्यावर त्यांच्याजवळ बसावं. 'देवाची मर्जी' म्हणू नये. त्यांनी लेकराचं नाव काढलं, तर विषय बदलू नये.

एवढं जमलं तर त्याला बिनघोर पाठवा.

नाही जमलं, तर नाना, त्याच्या जागी तुम्ही बसा. दगडू तुमचाही होता.

तुमचाच,
रुपचंद