आईची रात्रीची गोळी

सोमवार, ३ जून

थेंब गेले माझ्या हातून. सहा वर्षं आईच्या डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ काचबिंदूचे थेंब मी घालतेय, एक दिवस खाडा नाही. आज चहा पिता पिता आई म्हणाली, "आजपासून सूनबाईलाच घालू दे. तिचा हात हलका आहे."

हात हलका! भावजय या घरात येऊन तीन वर्षं झाली. डोळ्यांची डॉक्टर आहे, मान्य. पण थेंब घालायला डॉक्टरकी लागते? खालची पापणी ओढायची, थेंब सोडायचा, नाकाजवळचा कोपरा दाबून धरायचा. आईला कसं चालतं ते मीच तर तिला दाखवलं होतं.

धाकट्या भावाने पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "बरं झालं ताई, तुझं एक काम कमी झालं." मूर्ख.

माझ्याकडे उरल्या गोळ्या. सकाळी कॅल्शियमची, रात्री जेवणानंतर रक्तदाबाची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल. आईला पट्टीवरचं वाचता येत नाही, डबी मीच भरते. तेवढं तरी राहू दे.

गुरुवार, ६ जून

भावजय आणि मी, एकाच बसने हॉस्पिटलात जायचं, एकाच दारातून आत शिरायचं. मग ती डावीकडे, संशोधनाच्या खोलीत. मी उजवीकडे, यंत्रामागे. मला तिथे अकरा वर्षं झाली. हनुवटी टेकवा, हिरव्या ठिपक्याकडे बघा, पापणी लववू नका — आणि चार सेकंदांत डोळ्यातलं रक्त कसं वाहतंय ते पडद्यावर. जोरात तिथे लाल, मंद तिथे निळं. ज्यांची पापणी कुणालाच थांबवता येत नाही ते माझ्याकडे येतात. मी म्हणते, "श्वास सोडा हळूच, घाई कुणाला आहे?" — थांबते पापणी.

आज विभागाच्या बैठकीत सर तिला म्हणाले, "तू आमच्या विभागाचा डोळा आहेस." सगळे हसले, मीही हसले. पोटात दुखलं. म्हणतात तसं नाही, खरंच दुखलं. दुपारचा डबा तसाच परत आणला.

शुक्रवार, १४ जून

आजचं आजच लिहून ठेवते.

तिने आज संशोधन मांडलं. काचबिंदूच्या काही रुग्णांत सकाळच्या वेळी डोळ्यातला रक्तप्रवाह मंद असतो. कारण रात्री झोपेत त्यांचा रक्तदाब फार खाली जातो, डोळ्याच्या नसेला रक्त पुरत नाही, नस हळूहळू मरते. रक्तदाबाची गोळी रात्री घेणाऱ्यांत हे जास्त. तर त्यांच्या त्यांच्या डॉक्टरांना विचारून गोळी सकाळी हलवायची आणि बघायचं. एकतीस रुग्ण तयार आहेत.

"सकाळी निळं जास्त दिसतं" — हे माझं वाक्य! दोन वर्षांपूर्वी, स्वयंपाकघरात, ती बटाटे सोलत होती तेव्हा मी तिला सांगितलेलं. त्याच्याही आधी सरांना सांगितलं होतं. सर म्हणाले होते, "बाई, सकाळी यंत्रालाही झोप येत असेल." आज तेच सर टाळ्या वाजवत होते. माझ्या तोंडून आलं तर विनोद, डॉक्टरच्या तोंडून आलं तर शोध!

शेवटी आभाराची यादी. आठ नावं. मी सातवी. वायरिंग दुरुस्त करणाऱ्याच्या खाली.

बसमध्ये विचारते कशी, "ताई, कसं झालं?" मी म्हटलं, छान. कदाचित तिला खरंच आठवत नसेल. पण नेणारा विसरतो, ज्याचं गेलं त्याच्या लक्षात राहतं.

गुरुवार, २० जून

आईच्या दंडाला कालपासून चोवीस तास पट्टा. अर्ध्या तासाने फुगतो, रक्तदाब टिपतो. आईपासूनच सुरुवात करू, म्हणजे अडचणी कळतील, असं तिचं म्हणणं. आई सकाळी वैतागलेली — "रात्रभर कोणीतरी दंडाला धरून उठवतंय, पण कुठे जायचं ते काही सांगत नाही!"

पहाटे तीनला वरचा आकडा चौऱ्याऐंशी. तिने कागदावर पेन आपटलं. "बघा ताई! हेच!" आनंद झाला होता तिला. माझ्या आईचा आकडा पडला आणि तिला आनंद.

शनिवार, २२ जून

हृदयाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. रक्तदाबाची गोळी रात्री बंद, सकाळी सुरू. तिने चिठ्ठी फ्रिजवर लावली. "ताई, आज रात्री नको. उद्या सकाळपासून." जसं काही मला वाचता येत नाही.

मी "बरं" म्हटलं.

आधी थेंब. मग माझं निळं. आता गोळी कधी द्यायची तेही तीच सांगणार.

जेवण झाल्यावर आईने सवयीने हात पुढे केला. मी गोळी ठेवली. आई म्हणाली, "सूनबाई काहीतरी सकाळचं म्हणत होती ना?" मी म्हटलं, "ती वेगळी, आई." आईने गिळून टाकली. माझ्यावर संशय घ्यायचं तिला कारणच नाही.

रविवार, २३ जून

सकाळी कॅल्शियमचीच दिली, भावजयीच्या देखत; तिला वाटलं रक्तदाबाची. ती माझ्याकडे बघून हसली. चांगलं हसते, तोच तर त्रास आहे.

एका दिवसाने काय होतंय. उद्यापासून बदलते.

मंगळवार, २ जुलै

आजही रात्रीच दिली.

रविवार, १४ जुलै

आई मावशीशी फोनवर — "माझी सून संशोधन करते. परदेशात बोलावलंय तिला, परिषदेला." मग मावशीने विचारलं असेल. आई म्हणाली, "हो, हो, मुलगीही तिथेच असते."

तिथेच असते! खुर्ची असते तशी.

बदलणार होते परवापासून. नाही बदलली. गेली पाच-सहा वर्षं रात्रीच घेतेय की आई. तेव्हा काय झालं?

(झालंच असेल तर? नाही. आता नको हा विचार.)

सोमवार, २९ जुलै

आई जिन्याची शेवटची पायरी चुकली. गुडघा खरचटला. "पायरीच नव्हती तिथे," म्हणाली. मी म्हटलं जिन्यात उजेड कमी आहे. मोठा दिवा आणून लावला.

शनिवार, १० ऑगस्ट

आईची तपासणी. नजरेच्या पटाची चाचणी मीच घेतली, दुसरं कोण घेणार? अर्ध्या गोलात बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. टिक. टिक. टिक. मग खालच्या भागात दिवे लागायला लागले आणि बटण वाजेना. मला पडद्यावर सगळे दिवे दिसत होते. एक, दोन, पाच, नऊ. आई शांत बसलेली, बोट बटणावर. हाक मारून सांगावंसं वाटलं — आई, दाब ना!

कागद बाहेर आला. खाली काळा डाग, गेल्या वेळी नव्हता. नसेचा फोटो काढला. काठावर रक्ताची बारीक रेघ. मग माझं यंत्र. निळं. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती मला.

भावजय कागद हातात धरून उभीच राहिली. "असं कसं? गोळी तर सकाळी हलवली होती." माझ्याकडे बघून म्हणाली नाही. कागदाला म्हणाली.

आज रात्री गोळी दिली नाही. आईने हात पुढे केला. मी म्हटलं, "संपली आई. आता सकाळी." तिने मुकाट्याने हात मागे घेतला.

बुधवार, १४ ऑगस्ट

पुन्हा चाचणी. तोच डाग, तिथेच.

सर म्हणाले, "घरच्या रुग्णात, डोळ्यांदेखत उलटं झालं. बाकीच्या एकतीस जणांच्या गोळ्या आपण कशाच्या जोरावर हलवतोय? थांबवा." ती म्हणाली, "सर, एका रुग्णावरून —" आणि पुढे बोलताच येईना तिला. मी कधी तिला अडखळताना पाहिलं नव्हतं. कितीदा मनात आणलं होतं की एकदा हिची बोबडी वळलेली बघायचीय!

घरी आल्यावर नळ सोडून तशीच उभी होती, भांडी न घासता. धाकटा माझ्याकडे आला. "ताई, तू बोल तिच्याशी. तिला वाटतंय आईची नजर तिच्यामुळे गेली. परिषदेला नाही जायचं म्हणते."

जाऊन नळ बंद केला. भांडी मीच घासली.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

आईने मला जवळ बोलावलं. हळूच, भावजय अंघोळीला गेल्यावर. "थेंब तूच घालत जा पुन्हा. तिच्या हातचं मला नाही सोसलं बघ. आपलं माणूस ते आपलं."

हेच हवं होतं ना? अडीच महिने हेच तर हवं होतं!

घातले. पहिला थेंब गालावर पडला. आई म्हणाली, "असू दे, दुसरा घाल."

सरांनी जाताना यादी दिली. एकतीस फोन नंबर. "बाई, तुमचं ऐकतात सगळे. सोमवारी फोन करून सांगा, गोळी पूर्वीसारखी रात्रीच घ्या."

रविवार, १८ ऑगस्ट

यादी वाचली. नावं बघून चेहरे आठवत नाहीत मला, पापण्या आठवतात. तो बस चालवणारा, ठिपक्याकडे बघताना गुणगुणतो. त्या शाळेतल्या बाई, हनुवटी टेकवली की आधी "सुरू?" विचारतात. शिंपी — डाव्या डोळ्याने सुई ओवतो अजून, उजव्याने नाही. त्याची पापणी थांबवायला मला वीस मिनिटं लागली होती पहिल्यांदा.

उद्या मला या सगळ्यांना फोन करायचाय.

रात्री नाही, सकाळी — बरोबर होतं तिचं. सगळं बरोबर होतं. आणि ते या जगात फक्त मला माहीत आहे.

सोमवार, १९ ऑगस्ट

फोन केले नाहीत. साडेनऊला सरांच्या खोलीत, तिच्यासमोर सांगितलं — गोळी मी हलवलीच नव्हती.

सर खुर्चीतून उठले. ती उठली नाही. ओरडली नाही, रडली नाही. वही ओढली, पेनाचं टोपण काढलं.

"ताई, नेमक्या किती रात्री?"

"एकोणपन्नास."

तिने लिहून घेतलं.