टिटवीच्या अंड्यांभोवती

इंदिरानगर, नाशिक
२२ मार्च

चि. दीपक यास,
अनेक आशीर्वाद. फोन केला असता तर तू ‘बरं बरं’ म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहिते. आज तुमच्या पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने, त्या भिकाने, माझ्या माहेरच्या कालव्यावर माझी अब्रू काढली!

आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळातल्या चौदाजणींना घेऊन पक्षी बघायला आले होते. दोन महिने सांगत होते, दिंडोरीकडचा कालवा माझ्या पायाखालचा आहे म्हणून. खंड्या दिसला, वेडे राघू दिसले. वळणावर तर वाटेतच टिटवीची चार अंडी! कुणाचा पाय पडू नये म्हणून आम्ही पांढऱ्या दगडांचं रिंगण केलं, काठीला लाल फीत बांधून रोवली. तेवढ्यात हा आला. ना नमस्कार ना चमत्कार. काठी उपटली, दगड पाण्यात फेकले, आणि म्हणतो, लय झालं पाखरं पाहणं, आता मागं फिरा. का ते विचारलं तर तोंड फिरवलं. डबे न उघडताच परत आलो.

अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवलं, मला असं कुणी हाकललं नाही. उद्या कालव्याच्या कार्यालयात तक्रार देतेय. तू मध्ये पडू नकोस. तेजस्विनीला आशीर्वाद. लोभ तुम्हा दोघांवर, राग फक्त भिकावर.

तुझी ताई,
लंका

३० मार्च

ती. लंकाताईस,
सा. न. वि. वि.
मध्ये पडू नको म्हणालीस, पण पडतोय. ताई, मला तुझाच राग आलाय.

टिटवीची अंडी ढेकळांत ओळखू येत नाहीत, म्हणून तर वाचतात. तू त्यांना पांढरं रिंगण घातलंस, वर लाल फीत! ती बिचारी डोक्यावर ओरडत फिरतेय आणि तुम्ही फोटो काढताय. बाभळीवर कावळे बसलेलेच होते. संध्याकाळपर्यंत दोन अंडी उरली. अंडी दिसल्यापासून, दोन आठवडे झाले, भिका त्या वळणावरून मोटरसायकल नेत नाही, पलीकडच्या काठाने पायी जातो.

तुझ्या तक्रारीवर कार्यालयाने त्याच्याकडे लेखी खुलासा मागितला. मी म्हटलं, टिटवीचं लिही. नाय म्हणाला. कागदावर जागा आली की अजून चौदाजणी यायच्या. ‘चूक माझी झाली’ एवढंच लिहून सही केली त्याने. आता त्याची दुसऱ्या कालव्यावर बदली करायचं चाललंय. त्याची म्हातारी आई, भागीबाई, इथे एकटी पडेल.

उलट बोललो, पोटात घाल.

तुझा,
दीपक

८ एप्रिल

चि. दीपक यास,
अ. आ. पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग माझा. आपले आबा अंडी दिसली की नांगर वळसा घालून न्यायचे, पण खूण कधी करत नसत. हे मी कशी विसरले?

मंडळातल्या सगळ्यांना फोटो पुसायला लावले. झुंबरबाई रुसल्यात. रुसू देत.

कार्यालयात जाऊन तक्रार मागे घेतली. भिकाची बदली करणार नाही असं साहेबांकडून वदवून घेईपर्यंत खुर्चीतून उठले नाही. तक्रार मागे घेण्याचं कारण लिहा म्हणाले. अख्खं पान भरलं असतं मी, तुला माहीत आहे. पण ‘चूक माझी झाली’ एवढंच लिहिलं आणि सही केली.

भिकाला माझा नमस्कार सांग. लोभ ठेवायचा की नाही ते त्याच्यावर सोडते. पिल्लं निघाली तर कळव, पण पोस्टकार्डावर नको.

तुझी ताई,
लंका