मारिकाच्या पुस्तिकेतले तीन शिक्के

४ मार्च २०१४, मंगळवार

मारिकाला सुई टोचली! वॉर्डात, कचऱ्याच्या डब्यातली — कुणाच्या रक्ताची, पत्ता नाही. नर्सिंगचं शेवटचं वर्ष पोरीचं. संध्याकाळी स्वतःच सांगायला आली, हसत. "मावशी, घाबरू नकोस. लहानपणी तूच तर टोचलंस मला, तिन्ही डोस."

मी मान डोलावली. डोलावली!

रक्त तपासलं, तर हेपटायटिस बीची प्रतिकारशक्ती जवळजवळ सापडलीच नाही. पण तिथले डॉक्टर पेस्से म्हणाले म्हणे, बाळपणी लस झालेल्यांचं असं होतंच. आकडा उतरतो, शरीर विसरत नाही. बूस्टरची गरज नाही.

बरोबरच आहे त्यांचं. तीस वर्षं लसीकरण केंद्रात काढली, मीही हेच सांगत आले. फक्त मारिकाच्या अंगात लस गेलीच नाही. लसीकरणाच्या पुस्तिकेत शिक्के तेवढे आहेत.

५ मार्च, राखेचा बुधवार

पाद्रीबाबांनी कपाळाला राख लावली. पुसावीशी वाटेना. मला शोभत होती.

लिहूनच टाकते. मारिका तीन महिन्यांची होती. तिच्या थोरल्या भावाला कुठल्याशा लसीनंतर झटके आले होते, म्हणून तिची आई, नुन्झिया, माझे हात धरून रडली. सुई नको, नुसता शिक्का मार म्हणाली. लस सक्तीची, आणि नुन्झिया माझी बालमैत्रीण. शिक्का मारला, डोस मोरीत ओतला. पुढच्या दोन्ही वेळी तेच.

तिचं ऐकून आणखी काही जणी आल्या होत्या. ते आज नको.

७ मार्च

लस घेतलेलीच नसेल तर वेगळं इंजेक्शन लागतं, तयार प्रतिकारशक्तीचं. तेही आठवड्याच्या आत. तीन दिवस गेले! पेस्सेंना फोन लावला आणि विचारलं काय, तर बूस्टर दिला तर बिघडेल का? ते हसले. "तेरेसीनाबाई, आम्हाला शिकवलंत तुम्ही, आणि आता तुम्हीच घाबरता?"

सांगितलं नाही. पेन्शनची भीती नव्हती. लोक काय म्हणतील, एवढंच. या वयात!

नुन्झिया बाजारात दिसली, सुक्या मिरच्या निवडत, निवांत. पोरीला सुई टोचलीय आणि ही मिरच्या निवडते! किती निगरगट्ट, असं मनात आलं. मग माझीच मला लाज वाटली.

८ मार्च

महिला दिन. मारिकानं रिवाजाप्रमाणे मिमोसाच्या पिवळ्या फुलांची डहाळी आणली. माझ्याकडे बघूनच नर्स व्हावंसं वाटलं म्हणे. टेबलभर पिवळा भुगा सांडलाय. झाडला नाही.

९ मार्च, रविवार

गेले. नुन्झियाच्या घरी. म्हटलं, मी आज मारिकाला सगळं सांगणार, तू हो म्हण की नको म्हण.

तिनं ॲप्रन चुरगाळला. मग म्हणाली, "मी तिला टोचून आणलं होतं गं. पोटेन्झाच्या मोठ्या दवाखान्यात. तिन्ही वेळा."

शेजारच्या गावात कुणीतरी काविळीनं, याच हेपटायटिसनं, गेलं, तेव्हा तिचा धीर सुटला होता. मला सांगितलं नाही. मी तिच्यापायी नोकरी पणाला लावलेली, कुठल्या तोंडानं सांगणार? कागद जपून ठेवलेत. तारखा, सह्या, सगळं खरं.

बावीस वर्षं दोघी एकमेकींपासून लपवत होतो! रडलो, मग हसलो. मारिकाला खरंच बूस्टरची गरज नाही. घरी येऊन दोन वाट्या सूप प्यायले.

१० मार्च

नुन्झिया घाबरली, म्हणून पोटेन्झाला गेली. बाकीच्या तिघींना मी म्हटलं होतं, काही होत नाही, शिक्का पुरे. त्या कशाला कुठे जातील! काल रात्रीपासून त्यांच्या पोरांची नावं आठवतेय. दोनातो. रोक्को. आणि ग्रात्सिएल्ला, ती दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, रोज सुया, रोज रक्त.

कोट चढवलाय. आधी तिच्याकडे.