आईला कुठेही झोप लागते

प्रिय योगी,

लाउंज म्हणजे काय असतं ते आज मला कळलं. आपल्याकडे लग्नात वरपक्षाला जानोसा देतात ना, गाद्या घातलेल्या, उशांना धुतलेले अभ्रे, मागायच्या आधी चहा समोर, तसला हा विमानतळावरचा जानोसा. बाकीचं वऱ्हाड बाहेर मांडवाच्या खांबाला टेकून, आणि वरमाई आत पाय पसरून. दोह्याच्या त्या जानोशात बसून मी तुला लिहिते आहे. कागद दारावरच्या मुलीने दिले, पेन तुझ्या सासूबाईंचं. त्या माझ्या शेजारच्या खुर्चीत आहेत. कळ दाबली की खुर्चीचा पलंग होतो, त्यावर डोळ्यांवर पदर घेऊन पडल्या आहेत. झोपलेल्या नाहीत, रडून दमल्या आहेत. का रडल्या ते ओघात येईलच.

आधी तुझी विचारपूस. पायांची सूज उतरली का? समर्थ जेवतो का नीट, की आजी गेली म्हणून दाराशी बसून राहतो? तुझे दिवस भरत आले, कुंदनला रजा नाही, तिथे हाक मारली तर शेजारचं दार उघडत नाही. सासूबाईंचे व्हिसाचे सहा महिने संपले म्हणून त्या परत निघाल्या आणि त्यांच्या जागी मी निघाले. एकीचं विमान उतरतं, दुसरीचं चढतं, मधल्या वेळात इथे भेटून समर्थच्या खाण्याझोपण्याचं समजून घ्यायचं, अशी तुझी आखणी. आखणीत तू लहानपणापासून हुशार. माझ्या हातातल्या पिशवीत डिंकाचे लाडू आहेत, गोडंबी घालून, तुला आवडतात तसे. नानांच्या जुन्या धोतराची चार दुपटी शिवली आहेत. धोतर धुऊन धुऊन इतकं मऊ झालं होतं की सुई कुठे गेली ते कळत नव्हतं. तुझं सगळं माझ्या येण्यावर अडलेलं आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. तेवढं ध्यानात ठेवून पुढचं वाच.

पहिल्या बाळंतपणाला आले तेव्हाही याच विमानतळावर मला दिवसभर थांबायला लागलं होतं. तिकीट स्वस्त म्हणून मधला थांबा लांब, असं तू म्हणाली होतीस आणि मला ते पटलंही होतं. उगाच पैसे कशाला घालायचे. इथल्या खुर्च्यांना मधे लोखंडी हात असतात, माणूस आडवा होऊ नये म्हणूनच ते बसवले असावेत. पिशवीचा बंद पायाला गुंडाळून मी बसले. लघवीला जायची भीती, कारण परत येताना हीच जागा सापडेल याची खात्री नाही. एका बाईने मला हाताने खूण करून लांबचं काचेचं दार दाखवलं, तिकडे झोपायला मिळतं म्हणाली बहुतेक. मी गेले. दारावर माझा कागद बघून त्यांनी हसून मान हलवली. मी परत येऊन बसले. तुला फोनवर सांगितलं, छान झोप झाली. आईने लेकीला दुसरं काय सांगायचं असतं?

आता तुला एक सांगते, जे आजवर सांगावंसं वाटलं नाही. तू लहान असताना मखमलाबादहून कोथिंबीर, मेथी घेऊन आपण पंचवटीच्या मार्केट यार्डात जायचो. नाना लिलावाकडे, आणि मी रिकाम्या क्रेटला टेकून, तू मांडीवर. तू उठून बघायचीस तेव्हा माझे डोळे मिटलेले असायचे. घरी आलीस की सगळ्यांना सांगायचीस, आईला ना, कुठेही झोप लागते. आम्ही हसायचो. योगी, मी एकदाही झोपलेली नव्हते. डोळे उघडे ठेवले की हमाल बोलायला यायचे, अडत्याची माणसं उगाच माल विचारायला यायची. एकटी बाई डोळे मिटून बसली की लोक तिला सोडतात. एक हात तुझ्यावर आणि एक कमरेच्या पिशवीवर, अशी मी बसलेली असायचे. तुझा तो समज मीच मोडला नाही. गोड वाटायचा ऐकायला.

आज सकाळी इथे उतरले आणि सवयीने लोखंडी हाताची खुर्ची शोधली. तेवढ्यात तुझ्या सासूबाई शोधत आल्या. त्यांचा स्वभाव तू जाणतेस. तुझ्या लग्नात जानोशात गरम पाणी नव्हतं म्हणून दोन पंगती रुसून बसलेली बाई ती. मला वाटलं, आता इथेही काहीतरी काढणार. तर म्हणाल्या, ‘‘विहीणबाई, इथे काय बसलात, चला लाउंजमध्ये.’’ मी म्हटलं, माझ्याकडे तो पास नाही. त्या म्हणाल्या, ‘‘माझ्या पासावर सोबत एक माणूस चालतं, मघाशी दारावरच कळलं मला.’’ पुढे अगदी सहज म्हणाल्या, ‘‘मी योगिनीला विचारलं होतं, तुझ्या आईचाही पास काढलास ना? तर म्हणते कशी, आईला नको, आईला कुठेही झोप लागते, तिला सवय आहे.’’

लागलं मला. खोटं कशाला बोलू? पण मी लगेच स्वतःची समजूत घातली. सासूचा मान राखावा, आईचं आई बघून घेते, हे मीच तुला शिकवलेलं. माझंच शिकवणं माझ्या पदरात आलं, एवढंच. आम्ही आत आलो. त्यांनी मला ताट वाढून आणून दिलं, पांघरूण आणून दिलं. वरमाईच्या हातचं ताट मी पहिल्यांदा जेवले, आणि आम्ही बोलत बसलो. आजवर आमचं बोलणं म्हणजे हळदीकुंकवापुरतं. इथे ना तू, ना कुंदन, ना कोणी ऐकणारं. दोन बायका मोकळ्या झाल्या.

मग त्या म्हणाल्या, ‘‘एक विचारू? राग मानू नका. व्याही दवाखान्यात असताना तुम्ही आठवडाभर थांबलात कशा? माझा जीव तुटत होता इकडे.’’ मला कळेना त्या काय म्हणतात. मी म्हटलं, आठवडा कुठला, मला कळलं त्याच दिवशी निघाले. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांना कुंदनचा फोन मंगळवारी गेला होता. नानांना आयसीयूत ठेवलंय, तू इकडे ये, म्हणजे आईंना सोडता येईल. त्यांच्या सिन्नरच्या भाच्याचा साखरपुडा येत्या रविवारी होता. त्या म्हणाल्या होत्या, साखरपुडा सोडून येते. तर तूच फोन घेऊन म्हणालीस, ‘‘घाई नाही आई, कार्य उरकून या. माझी आई थांबायला तयार आहे.’’

मी म्हणे थांबायला तयार होते. त्या आठवड्यात मी समर्थला मांडीवर घेऊन तेल लावत होते, तुझ्यासाठी मेथीची भाजी निवडत होते. तिथे माझा फोन म्हणजे तुझाच फोन. चिमाजी भाऊजींनी कळवलं ते तुला कळवलं. तू त्यांना म्हणालीस, आईला मी सांगते. आणि मला काय सांगितलंस ते आठवतं? मी विचारलं, नानांचा फोन कसा नाही आला? तू लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणालीस, ‘‘साधा ताप आहे आई, झोप तू.’’ रोज विचारलं, रोज हेच. मग सोमवारी एकदम, नानांची तब्येत जरा बरी नाही, तिकीट काढलंय. तेव्हा तुझ्या सासूबाई मुंबईहून निघाल्या होत्या. ताकापुरती आजीबाई म्हणतात ती मी. दुसरी आजी वाटेला लागल्यावरच तू मला मोकळं केलंस.

तेव्हाही तिकीट लांब थांब्याचंच होतं. आज आम्ही दोघींनी दिवस जुळवून बघितले. मी बाहेर लोखंडी खुर्चीत बसून देवाला आळवत होते त्या रात्री तुझ्या सासूबाई इथेच होत्या, या काचेच्या आत, पांघरूण घेऊन. हाकेच्या अंतरावर. दोघींना एकमेकींचं तू कळू दिलं नाहीस, कारण त्या एका वाक्यात सगळं बोलून गेल्या असत्या. या वेळी मात्र तूच आमची गाठ घालून दिलीस. दोन वर्षं झाली, तुझ्या मनातून ते गेलंही असेल. माझी खुर्ची रिकामी व्हायच्या आत नाशकात तुझे नाना गेले. मी मुंबईला उतरले तर भाऊजींचा बंटी जीप घेऊन आला होता, आणि तो माझ्याशी वाटेत एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, पोरगं घाबरलंय. घरी पोचले तर आग देऊन माणसं परतली होती.

चिमाजी भाऊजी दहाव्याला एवढंच म्हणाले होते, ‘‘लय उशीर केला वहिनी. दादानं दारावरनं नजर हलवली नाय. दार वाजलं का म्हणायचा, योगीची आई आली का बघ.’’ मी समजले विमानाच्या उशिराबद्दल बोलतात. दोन वर्षं सगळी भावकी माझ्याशी तुटक वागते, ते का, हे मला आज दोह्यात कळलं. त्यांना वाटतं, ही बाई लेकीकडच्या सुखाला चटावली आणि नवऱ्याला मरायला सोडलं. आणि तुझ्या सासूबाई मातीला आल्या नाहीत म्हणून मी त्यांना घमेंडखोर ठरवून मोकळी झाले होते. त्या तेव्हा तुझ्या स्वयंपाकघरात होत्या. त्यांनाही तू सांगितलं होतंस, आईची आणि नानांची गाठ पडली. म्हणून आज त्या रडल्या. मी रडले नाही. मला रडूच आलं नाही.

तुझी बाजूही मी बघितली. बघायची सवय आहे मला. नोकरी नवी, बाळ चार महिन्यांचं, सांभाळायला कोणी नाही, बाप म्हातारा, आणि डॉक्टर म्हणाले असतील काही दिवस जातील. तुला वाटलं, निभेल. तू दुष्ट नाहीस, योगी. तू सोय बघितलीस. दुष्ट माणसाचा राग करता येतो, सोय बघणाऱ्याचं काय करायचं हे मला कोणी शिकवलं नाही. मला तुझी घृणा वाटते आहे आणि तुझ्या पायांच्या सुजेची काळजीही वाटते आहे, दोन्ही एकाच वेळी, आणि एकाने दुसरं कमी होत नाही.

तर आता कामाचं. मी येत नाही. माझी बॅग इथल्या माणसांनी विमानातून उतरवून दिली, तुझ्या सासूबाईंनीच इंग्रजीत बोलून ते केलं आणि त्यांच्याच विमानात माझी मुंबईची जागा घेतली. लाडू आम्ही इथे खातो आहोत, दारावरच्या मुलीलाही दिले. दुपटी भावकीत कुणाच्या बाळाला होतील. मघाशी तुझा फोन आला, कुठवर आलीस म्हणून. मी म्हटलं, विमान वेळेवर आहे, झोप तू. तुझ्या आवाजात इतकं हायसं वाटलं की क्षणभर माझा जीव हलला, पण तेवढाच. सासूबाई म्हणत होत्या, निदान आताच कळवू, म्हणजे ती कोणीतरी बाई ठेवेल, कुंदन हेलपाटा घालणार नाही. मी नको म्हटलं. लेक त्यांचा आहे, तरी त्यांनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला. उद्या कुंदन विमानतळावर उभा राहील. दार उघडेल, माणसं बाहेर येतील. तू घरून विचारत राहशील, आई आली का बघ. त्या वेळेपर्यंत मी मखमलाबादला पोचलेली असेन. आधी चिमाजी भाऊजींकडे जाऊन सगळं सांगेन. मग घरी येऊन दाराला कडी लावेन, आणि नानांच्या पलंगावर झोपेन. या पत्राचा फोटो मी झोपून उठल्यावर पाठवणार आहे.

तुझीच,
आई