हमामच्या आधीचं मलम

स्फाक्स,
४ सप्टेंबर

प्रिय मोंजियाताई,

सलाम. भावजींनाही सांग, आणि नवरीमुलीला माझा पापा.

हरिसाची बरणी पोचली. यंदा मिरची फारच जहाल निघाली. आमचे हे तर डोळे पुसत पुसत पाव बुडवतात, पण सोडत नाहीत. ईनासचे लग्नाचे कपडे शिवून आले का? शिंपी दरवेळी बाही आखूड करतो, आधीच बजावून ठेव.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. तुझ्या पाठीवरच्या चट्ट्यातून तपासणीसाठी काढलेला कातडीचा तुकडा आमच्याच प्रयोगशाळेत आला. नाव वाचलं आणि मी सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी आमच्या वरिष्ठ नझीहसरांकडे सोपवली. आपल्या माणसाचा निकाल आपण लिहायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. पण बघितल्याशिवाय राहवलं नाही. कातडीच्या वरच्या थरात, जिथे त्यांचं काही काम नसतं, तिथे काही काळपट पेशी शिरलेल्या दिसल्या. अगदी मोजक्या. तेवढ्या तर साध्या इसबातही कधीकधी दिसतात.

सर बराच वेळ बघत बसले आणि वैतागले. "या बाईनं मलम थापलंय! चोर येऊन गेला असेलही, पण हिनं आधीच फरशी पुसून ठेवली. आता यावर मी काय लिहू, कपाळ?"

मी तुझी बाजू घेतली. म्हटलं, तिला मलम बंद ठेवायला सांगितलं होतं, ती तसं करणार नाही. मग ईनासला विचारलं, तर ती हसतच सुटली. "अगं मावशी, आई दिवसातून दोनदा लावते. लग्नाआधी माझ्या हमामच्या दिवशी दोन्हीकडच्या बायका एकत्र न्हायला बसणार, तिची पाठ स्वच्छ दिसायला हवी ना!"

तुला जाब विचारला तर तू काय म्हणालीस? "मुलाकडच्या बायका चट्टे बघतील आणि पोरीलाही असलंच काही असणार म्हणतील. लग्न लागू दे, मग काप मला हवं तेवढं." आणि फोन ठेवलास. ताई, मला राग आला. अजून गेलेला नाही.

इतका वेळ टाळलं, ते आता लिहिते. वर्षानुवर्षं येऊन-जाऊन असणारे चट्टे, तेही ऊन न लागणाऱ्या जागी. मला हा इसब वाटत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा, कातडीत मुरणारा कर्करोग वाटतो. सुरुवातीलाच कळला तर बहुतेक माणसं उपचार घेत घेत सुखानं म्हातारी होतात. पण मलम लावलेल्या कातडीतून तो नीट कळत नाही, आणि नक्की कळल्याशिवाय कोणी उपचार सुरू करणार नाही. मला भीती वाटते आहे.

म्हणून मलम आजपासून बंद. लग्न झालं की लगेच इकडे ये, वेगवेगळ्या जागचे तुकडे काढू. मध्ये हमाम येईल, तोवर चट्टे पुन्हा वर आलेले असतील, हे मला ठाऊक आहे. हमामला मीही येते. कोणी विचारलं तर डॉक्टर म्हणून सांगेन, याची लागण होत नाही आणि हे पोरीत उतरतही नाही. लहानपणी हमामात तू खरखरीत हातमोजा घालून माझी पाठ लाल होईपर्यंत घासायचीस, त्याचं उट्टं काढायचंच आहे.

सगळ्या बायकांच्या देखत, हातमोजा न घालता, उघड्या हातांनी तुझी पाठ चोळणारी,

बसमा